पाटीपासून फाटकापर्यंत

नंदे, तुझ्या फाटकाची पाटी काढली.

तुझा दहावा झाला त्याच्या आगेमागेच कधीतरी काढली असावी. दाजींनी फोनवर सांगितलं. रेल्वेची माणसं आली, रुळाकडेची ती पिवळी पाटी खांबासकट उपटली आणि घेऊन गेली. फाटकाच्या दोन्ही अंगांना जुन्या रुळांचे तुकडे पुरून रस्ता कायमचा बंद केला. तुमच्या गावची माणसं, ट्रॅक्टर, शाळेची पोरं आता सगळी रुळांखालच्या नव्या बोगद्यातून जातात. फाटक नाही म्हणून पाटी नाही, आणि पाटी नाही म्हणून हॉर्न नाही. परवा मला ड्युटीवर हजर व्हायचं आहे. तुझ्या घराजवळून गाडी घेऊन जाताना मी काय करायचं, हे मला कळत नाही. अशा वेळी मी तुलाच विचारत आलो, म्हणून तुलाच लिहितो आहे.

मी शिनोलीत आहे, आईजवळ. सकाळी धरणाच्या बाजूनं धुकं उतरतं आणि रस्ता दिसेनासा होतो. भीमाशंकरला जाणाऱ्या गाड्या आपल्या वळणावर हॉर्न देतात. एकाचाही हॉर्न धड नाही. कुणी दोनदा टुकटुक करतो, कुणी नुसतं गाणं वाजवतो, कुणी वळण संपल्यावर वाजवतो. मी पडवीत बसून ऐकतो आणि मनातल्या मनात प्रत्येकाच्या चुका काढतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "दादा, सुट्टीवर हायस ना? मग कान मिटून बस की जरा."

आई फार बोलत नाही. काल लसूण सोलता सोलता एकदम म्हणाली, "पाणी तर आपल्याकडचंच पीत व्हती." तुझं सासर भीमेकाठी, आणि भीमा उगवते आपल्या डोंगरात. तुला एवढ्या लांब, दौंडच्याही पुढं देताना आईनं स्वतःची जी समजूत घातली होती तीच ती अजून धरून आहे. लग्नानंतर पहिल्यांदा आलीस तेव्हा तू तोंड वाकडं करून म्हणाली होतीस, "तिथवर येस्तोवर पाण्याला आपली चवच राहत नाय, आई." आईनं तुला गप्प बसवलं आणि रात्री मला विचारलं, "बरी हाय ना रं ती?" मी म्हणालो, बरी आहे. मला काय माहीत होतं? मी तुला गाडीतून बघितलं होतं, एवढंच.

गाडीतून बघणं म्हणजे भेटणं, हे आपल्यात कधी ठरलं ते आठवतं का तुला? तुझं स्थळ आलं तेव्हा मी इंजिनवर असिस्टंट म्हणून नुकताच लागलो होतो. मध्यस्थ जरा अडखळत म्हणाला, "घर चांगलं हाय, जमीन हाय. फक्त मागनं रेल्वे जाते, थोडा आवाज व्हतो." बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले आणि तू आतून, दाराआडून, नवरीनं बोलायचं नसतं हे विसरून म्हणालीस, "मग दादा रोज भेटंल." सगळे हसले. मीही हसलो. आणि मनातून मला हलकं वाटलं. आपल्याकडं बहिणीला आणायला भावानं जायचं असतं, मुराळी म्हणून. वर्षातून दोनदा तरी जायचं, तिच्या घरी जेवायचं, तिची पिशवी उचलायची आणि तिला माहेरी घेऊन यायचं. माझ्या नोकरीत हे कसं जमणार याची मला चिंता होती. तू ती दाराआडून सोडवून टाकलीस. निदान मी तरी तसं धरून चाललो.

मी गाडी चालवायला लागल्यावर तुला तो नियम समजावून सांगितला होता. सी म्हणजे सीटी, फा म्हणजे फाटक. ‘सी/फा’ अशी पाटी दिसली की हॉर्न सुरू करायचा आणि इंजिन फाटक ओलांडेपर्यंत सोडायचा नाही. मध्ये तोडायचा नाही. फाटक बंद असो, गेटमन झेंडा घेऊन उभा असो, रस्त्यावर चिटपाखरू नसो, तरी वाजवायचा. लांब आणि सलग.

"कुणासाठी पर?" तू विचारलंस.

"जो कोणी असेल त्याच्यासाठी."

"आन् कुणीच नसंल तर?"

"तरी वाजवायचा."

तू जरा विचार केलास आणि म्हणालीस, "म्हंजी आमच्या आत्याबाई देवापुढं घंटी वाजवत्यात तसं. देव असू दे नायतर नसू दे."

मग तुझा हट्ट सुरू झाला. माझा हॉर्न तुला ओळखू यायला हवा होता. दोन लहान, एक मोठा, असं काहीतरी वेगळं. मी सांगितलं, प्रत्येक हॉर्नला त्याचा त्याचा अर्थ असतो. उगाच लहान-मोठा केला तर मागे गार्डाला वाटेल मी त्यालाच काही सांगतो आहे.

"त्याला बी बोलाव मग. च्या पाजते."

"नंदे, चेष्टेची गोष्ट नाही ही."

"चेष्टा कोण करतंय? सख्ख्या बहिणीसाठी तुला एक शिट्टी बदलता यीना, आन् मी चेष्टा करती."

आपलं हे भांडण कधी मिटलंच नाही. भेटलो की तू ते जिथं सोडलं असेल तिथून उचलायचीस. पिंकीचा जन्म झाला तेव्हा त्याला नवी बाजू फुटली. पोरगी कशीबशी निजते आणि मामाची गाडी येते. तू फोनवर तणतणलीस, "आरं, जरा हळू वाजीव. नायतर लवकर सोड. पोर दचकतंय." हॉर्न हळू वाजवता येत नाही हे मी तुला सांगत बसलो. तुझा वैताग कशाचा आहे, एकटीनं तान्हं पोर सांभाळताना तुझं काय होत असेल, ते मी विचारलं नाही. पुढं पोरीला सवय झाली. इतकी की, एकदा गाड्या बंद होत्या तेव्हा तू कळवलंस, "आज हॉर्न नाय म्हणून झोपंना झालीय. ये आन् तूच तोंडानं वाजीव."

आणि एकदा तू मला गप्पच केलंस. पावसाळ्याचे दिवस होते, तू माहेरी आली होतीस, दाजी तुला पोचवून परत गेले होते. आपण दोघं वरच्या पडकातून, त्या पडीक उतारावरून, खाली येत होतो आणि ढग खाली आला. लहानपणी गुरं वळताना असाच यायचा. हात पुढं केला तर बोटं दिसायची नाहीत. तेव्हा आपलं ठरलेलं असायचं, चुकामूक झाली की एकानं जागेवर उभं राहून हाक मारायची आणि दुसरा येऊन पोचेपर्यंत ती थांबवायची नाही. थांबवली की दुसरा भरकटणार. तू उभी राहायचीस. एवढीशी होतीस, पण दम मोठा. "दादाऽऽ" सुरू झालं की माझा हात तुझ्या खांद्याला लागेपर्यंत चालूच. धुक्यात आवाज कुठून येतो ते नीट कळत नाही. कधी डावीकडून, कधी वरून, कधी आपल्याच छातीतून येतो असं वाटायचं. मी त्या आवाजात चालत राहायचो, चालणं संपूच नये असं वाटायचं. त्या दिवशी पडकात उभी राहून तू म्हणालीस, "तुझा तो रेल्वेचा नियम हाय ना, त्यो माझाच हाय. साहेबांनी उशिरा काढला."

 त्यानंतर हॉर्न धरला की कधीकधी मला ते धुकं दिसायचं. दुपारच्या उन्हात, दोन्ही बाजूंना ऊस, रूळ तापून हलताहेत, आणि मी पांढऱ्या ढगातून कुणाकडे तरी चाललो आहे. तेवढंच. मग फाटक मागं पडायचं.

भाऊबीजेचं सांगतो. नाही म्हटलं तरी ती माझ्या घशात अडकली आहे. सणाच्या दिवसांत आम्हाला रजा मिळत नाही, जादा गाड्या असतात. मी तुला तसं कळवलं. तू म्हणालीस, "कितीची गाडी हाय तुझी?" मला वाटलं सहज विचारलंस. पाटी आली, मी हॉर्न धरला, आणि फाटकाशी तू उभी. अंगावर कोरं लुगडं, हातात ताट, ताटात दिवा. गेटमन हातवारे करून तुला मागं ढकलतोय आणि तू त्याच्या हाताखालून ताट काढून ओवाळते आहेस. इंजिन, मी, डबे, सगळ्यांनाच. दिवा कधी विझला ते मला दिसलं नाही. माझा असिस्टंट म्हणाला, "साहेब, खिडकीतून ओवाळणी टाका." मी हसलो. माझे डोळे भरले होते, पण मी हसलो, आणि दिवसभर मला धन्य वाटत राहिलं.

रात्री आईचा फोन आला, "भाऊबीज झाली का रं?"

"झाली," मी म्हणालो.

झाली होती का, नंदे? तुझ्या गावाला पॅसेंजर थांबते. मी पुण्यात राहतो. सकाळी बसलो असतो तर जेवायला तुझ्या ताटावर पोचलो असतो. त्या दिवशी नाही, पण दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी. मी गेलो नाही, कारण माझ्या लेखी भेट झाली होती. तू मात्र ते ताट घेऊन घरी गेली असशील, विझलेला दिवा घेऊन. ओवाळायचं म्हणून केलेलं गोडधोड कुणाला वाढलंस?

मी नियम मोडणारा माणूस नाही. नोकरीत माझ्यावर ठपका नाही. माझं दुःख तेच आहे. तुझ्या बाबतीत मी जे जे चुकलो ते सगळं नियमात बसतं.

आपलं शेवटचं मोठं बोलणं फोनवरच झालं. बोगद्याचं काम संपत आलं होतं.

"पाटी बी काढणार म्हणं," तू म्हणालीस.

"फाटकच राहणार नाही तर पाटी कशाला?"

"मग तू कसा वाजिवणार?"

"नाही वाजवणार."

"उगं थोडा बी?"

"कारण नसताना हॉर्न वाजवायचा नसतो."

"मी कारण न्हाय व्हय?"

मी म्हणालो, तसं नाही, तुला समजत कसं नाही. तू हसलीस. तुला दम लागत होता तेव्हाच, मला वाटलं तू कामातून उठून बोलते आहेस. मग तू म्हणालीस, "बरं झालं. आता तरी खाली उतरून ये, राव. पायानं. कवा येतोस?"

मी म्हणालो, बघतो. दिवाळीच्या पुढंमागं.

त्यानंतर तू दवाखान्यात गेलीस. मला कळलं तेव्हा मी ड्युटीवर निघालो होतो. वाटेत तुझं फाटक आलं. पाटी होती अजून. घरात तू नाहीस, तू पुण्यात खाटेवर आहेस, हे मला माहीत होतं, आणि मी पाटीपासून फाटकापर्यंत हॉर्न धरून ठेवला. उसावरून वारा जात होता. तिथं कुणी नव्हतं. परतीच्या फेरीतही धरला. पुण्यात पोचलो तोवर तू गेली होतीस. तिसऱ्या वेळी तुझ्या गावाला उतरलो, पॅसेंजरनं, तेव्हा माझ्या हातात माहेरचं लुगडं होतं, तुझ्या अंगावर घालायचं. आईनं मंचरच्या बाजारातून हिरवं मागवून घेतलं होतं. इतक्या वर्षांनी मी तुझ्या दारी उतरलो तो असा.

आई आता हाक मारते आहे. पुरे करतो.

*

हे पुढचं नंतर लिहितो आहे, पुण्यात. मधल्या दिवसांत ड्युटी झाली, आणि दुसरंही एक झालं.

तुझं गाव यायच्या आधी माझा असिस्टंट माझ्याकडं बघायला लागला. त्याला सगळं माहीत आहे. आम्ही दोघं सिग्नल मोठ्यानं म्हणतो, तशी रीत आहे. तो म्हणाला, मी म्हणालो. मग पाटीची जागा आली. खांब उपटला तिथं नुसता खड्डा आहे, भोवती ताजी माती. तो हळूच म्हणाला, "साहेब, वाजवा की थोडा. कोण काय म्हणतंय?"

माझा हात तिथंच होता. मी वाजवला नाही. तुला वाटेल, अखेरपर्यंत नियमाला चिकटून राहिला. पण तसं नव्हतं, नंदे. त्या वेळी नियम माझ्या मनातही नव्हता. मी वाजवला असता तर भेट झाली असं पुन्हा धरून बसलो असतो, आणि उरलेली नोकरी तसाच धरत राहिलो असतो. गाडी बंद फाटकावरून गेली. इंजिनचा आवाज होता तेवढाच. ऊस हिरवागार, तुरे आलेले. त्यावर काही दिसलं नाही.

संध्याकाळी सोलापुरात दाजींचा फोन आला.

"भाऊ, आज तुमी गेला का हो हिकडनं?"

"गेलो. दुपारी."

"असं. कळलंच नाय." मग म्हणाले, "आमी जेवत व्हतो. गाड्या जात्यात, पर कुठली कोणाची काय समजत नाय आता."

मी म्हणालो, "मी येतोय. सुट्टी लागली की."

"या की. काय काम व्हतं का?"

"काम नाही."

आलो. पॅसेंजरनं उतरलो, बोगद्यातून चालत आलो. वरून पाणी झिरपतं, पायाला गार लागतं. दाजी ओट्यावर बसले होते. पाणी दिलं, चहा ठेवायला आत गेले. पिंकी कॉलेजला गेली होती. मी ओट्यावर बसून समोर बघितलं आणि मला काही उलगडेना. समोर गावाचा रस्ता, मारुतीचं देऊळ, दुधाचा गाळा. रूळ कुठं आहेत? मध्यस्थ ‘मागनं’ म्हणाला होता, ते मी कधीच विसरलो होतो. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की तू ओट्यावर उभी राहून हात करतेस. गाडीतून मला उसावर तुझा हात आणि डोकं दिसायचं, क्षणभर, रंगाचा एक ठिपका. मागं वळून विचार करायला वेळ कुठं होता. आणि मागच्या खेपेला, तुला न्यायची होती तेव्हा, मी मान वर केली नव्हती.

"दाजी, गाडी कुठून दिसते?" मी विचारलं.

"इथनं कुठं दिसती?" ते कप घेऊन बाहेर आले. "मागं जावं लागतंय. गोठ्यातनं बाहेर पडायचं, बांधानं जायचं. ऊस ल्हान असला तर बांधावनं दिसती. मोठा झाला की नाय. मग ती त्या जुन्या हिरीच्या कठड्यावर चढायची. मी लई ओरडायचो, पडशील म्हणून. ऐकती व्हय? म्हणायची, मी घोड नदीत पवायला शिकलीय, पडले तर वर यीन."

"रोज?"

"तुमची गाडी असली की. तुमच्या घरी वहिनीला फोन करून इचारून घ्यायची, आज कोणच्या गाडीला हायेत म्हणून. कवा वहिनींनी फोन नाय उचलला की मग काय, सगळ्याच गाड्यांना पळायची." ते हसले आणि कपात बघत राहिले. "चुलीपाशी असू दे, न्हाणीत असू दे. हॉर्न सुरू झाला की हातातलं टाकायची. तुमी फाटकापातुर सोडत नव्हता ना, तवर बराबर चढलेली असायची. मला म्हणायची, दादा माझ्यासाठी धरून ठेवतोय. मी पोचंपर्यंत सोडत नाय."

चहा गरम होता. मी तो हातातच धरला.

तू मला हे कधीच सांगितलं नाहीस. वेगळा वाजव म्हणालीस, हळू वाजव म्हणालीस, लवकर सोड म्हणून भांडलीस. लांब का हवा, ते कधी बोलली नाहीस. मी तुला नियम समजावून सांगत राहिलो आणि तू त्या नियमात धावत होतीस.

आम्ही तसेच बसलो होतो. दाजी पाण्याच्या पाळीचं काहीतरी सांगत होते. मग पायाखाली जमीन हलल्यासारखी वाटली. आधी तेवढंच, आवाज नाही. मला कळायला वेळ लागला. मी कप ठेवला, नीट ठेवला की नाही माहीत नाही, आणि उठलो. घरातून, गोठ्यातून. म्हशीनं मान वळवली. बांध ओला होता, उसाची पानं तोंडाला कापत होती, पुढचं काही दिसत नव्हतं. गाडीचा आवाज एकदम अंगावर आला आणि तो कुठून येतो ते कळेना. एकदा वाटलं मागून, एकदा वाटलं वरून. माझं वय झालं आहे, नंदे, मला पळवत नाही. विहिरीचा कठडा सापडला. हात टेकून, गुडघे टेकून मी वर चढलो.

शेवटचा डबा गेला होता. उसाच्या तुऱ्यांपलीकडं त्याचा मागचा भाग तेवढा दिसला, लहान होत जाणारा. हात वर करायचंही राहून गेलं.

दाजी बांधावर येऊन थांबले होते. त्यांनी मला खाली उतर म्हटलं नाही. दम खाऊ दिला आणि मग म्हणाले, "भाऊ, सावकाश. दुसरी यील की."

मी खाली उतरलो नाही.